हजार चुका दाखवणारे सॉफ्टवेअर आणि संथ झालेला संगणक

जून महिन्यात शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की कोकणातल्या प्रत्येक आपले सरकार सेवा केंद्रासमोर उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी रांग लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत केंद्रातला संगणक रांगेतल्या माणसांपेक्षाही अधिक दमलेला असतो. मालवण तालुक्यातल्या अशाच एका किनारपट्टीच्या गावातून मला सकाळी फोन आला. केंद्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, कालपर्यंत मशीन बोटां घेत होतां, आज घेणा नाय." निराधार योजनेचे पैसे काढायला आलेल्या दोन आजी बाकावर बसून होत्या आणि बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा लाल दिवा काही केल्या लागत नव्हता.

यंत्र बिघडलेले नव्हते. आदल्या रात्री ताईंनी संगणक हळू चालतो म्हणून एक 'ऑप्टिमायझर' उतरवून घेतला होता. त्याने फुकट तपासणी करून तेराशेहून अधिक 'समस्या' लाल अक्षरांत दाखवल्या, त्या दुरुस्त करण्यासाठी वर्षाचे पैसे मागितले, आणि पैसे भरल्यावर एका बटणात सगळे 'स्वच्छ' करून दिले. त्या स्वच्छतेत त्याने 'अनावश्यक सेवा' म्हणून ज्या गोष्टी बंद केल्या, त्यांत ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिसही होती. ही सेवा पडद्यामागे सतत चालू राहते आणि ठसा यंत्रातून सुरक्षितपणे पुढे पाठवते. ती चालू नसेल तर यंत्र म्हणजे नुसता काचेचा तुकडा. विंडोजच्या सेवांच्या यादीत जाऊन मी तिच्यापुढचे 'डिसेबल्ड' बदलून 'ऑटोमॅटिक' केले, ती सुरू केली, आणि दिवा लागला. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मात्र त्या साफसफाईत गेले ते गेलेच. आणि ज्या हळूपणासाठी हा सगळा खटाटोप केला होता, तो होता तिथेच राहिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, यापेक्षा वेगळे वर्णन मला सुचत नाही.

हा लेख त्या हळूपणाविषयी आहे. ऑप्टिमायझर, पीसी क्लीनर, रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर अशा नावांनी जी सॉफ्टवेअर विकली जातात, ती नेमके काय करतात, त्यातले किती उपयोगाचे आणि किती घातक असते, आणि त्यांच्याऐवजी विंडोजमध्ये आधीच असलेल्या साधनांनी तेच काम अधिक सुरक्षितपणे कसे करता येते, हे यात शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडले आहे. माझा मुख्य आक्षेप आरंभीच सांगून टाकतो. ही सॉफ्टवेअर दुखणे न शोधता औषध देतात. संगणक हळू होण्याची कारणे मोजकी असतात, ती दहा मिनिटांत ओळखता येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांवर कोणताही 'क्लीनर' काहीही करू शकत नाही.

सगळ्यांत मोठा गैरसमज रजिस्ट्रीविषयी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचे दप्तर. कोणता प्रोग्राम कुठे बसवला आहे, कोणती फाइल कशाने उघडायची, कोणत्या यंत्राला कोणता ड्रायव्हर (म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम) लागतो, अशा लाखो नोंदी त्यात असतात. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरे आहे, आणि रजिस्ट्री क्लीनर नेमक्या त्याच नोंदी 'चुका' म्हणून मोजून दाखवतात. कोकणातल्या माणसाला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. आपल्या सामाईक जमिनींच्या उताऱ्यावर तीन-तीन पिढ्यांची नावे असतात, त्यांतले निम्मे लोक मुंबईला स्थायिक झालेले असतात आणि काही तर हयातही नसतात. पण एखाद्या चाकरमान्याचे नाव उताऱ्यावर आहे म्हणून कोणाचे आंब्याचे झाड कमी फळत नाही, आणि ते नाव खोडले म्हणून जमीन एका गुंठ्याने वाढत नाही. रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदींचे तसेच आहे. विंडोज ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसत नाही. हवी ती नोंद झाडाच्या फांद्यांसारख्या रचनेतून थेट काढते. हजार शिळ्या नोंदी पुसल्या तर वाचणारी जागा काही किलोबाइट भरते, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही कमी.

उलट चुकीची नोंद खोडली गेली तर काय होते, हे ज्याने तलाठी कार्यालयात फेरफाराची चूक दुरुस्त करण्यासाठी चपला झिजवल्या आहेत त्याला वेगळे सांगायला नको. क्लीनरला नोंद 'अनाथ' वाटते, कारण ती ज्या फाइलकडे बोट दाखवते ती फाइल त्या क्षणी सापडत नाही. पण ती फाइल कधी काढून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर असते, कधी बंद असलेल्या नेटवर्कच्या फोल्डरमध्ये, तर कधी प्रिंटरच्या ड्रायव्हरला वर्षातून एकदाच लागणारी असते. मायक्रोसॉफ्टची भूमिका याबाबत स्पष्ट आहे: रजिस्ट्री क्लीनर वापरण्यास कंपनीचा पाठिंबा नाही आणि त्यातून निर्माण झालेल्या अडचणींची जबाबदारी ती घेत नाही. यात आणखी एक मेख आहे. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची एक नक्कल आपोआप काढून ठेवत असे. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ती सोय आपोआप चालू नसते, आणि संगणक आधीच्या स्थितीत परत नेणारी 'सिस्टम रिस्टोर' ही सोय तर अनेक संगणकांवर बंदच असते. त्यामुळे वाटते तितके सहज मागे येता येत नाही.

दुसरा गैरसमज रॅमचा. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा, असे समजा. सोलकढी करायची तर नारळ, आगळ, मिरची, लसूण ओट्यावर हाताशी हवेत. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे साधारण २००७ पासून, विंडोज रिकामी रॅम तशी रिकामी ठेवत नाही. आपण नेहमी वापरतो ते प्रोग्राम आधीच ओट्यावर आणून ठेवते आणि दुसऱ्या कशाला जागा लागली की क्षणात ती मोकळी करते. त्यामुळे 'रॅम ६५ टक्के भरली' हा आकडा स्वतःहून घाबरण्यासारखा नसतो. रॅम बूस्टर काय करतो, तर दर काही मिनिटांनी ओट्यावरचे सगळे सामान उचलून माळ्यावर टाकतो आणि 'पाहा, ओटा कसा लख्ख झाला' म्हणून आकडा दाखवतो. पुढच्याच क्षणी तुम्ही ब्राउझरवर परत येता आणि तेच सामान माळ्यावरून पुन्हा खाली आणावे लागते. आकडा सुधारतो, काम मात्र मंदावते. 'प्रीफेच' फोल्डर रिकामे करण्याचा सल्ला याच जातीचा आहे; प्रोग्राम लवकर सुरू व्हावेत म्हणून विंडोजने स्वतः करून ठेवलेली टिपणे पुसून टाकल्यावर ते लवकर कसे सुरू होतील?

ही विक्री आजची नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत सॉफ्टरॅम नावाचे सॉफ्टवेअर आले. रॅम दुप्पट करून देतो असा त्याचा दावा होता आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. तपासणीत निघाले की विंडोज ९५ वर ते रॅम वाढवण्याचे काहीच काम करत नव्हते, आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीवर कारवाई केली. त्याच कमिशनने २०१९ मध्ये ऑफिस डेपो ही दुकानांची मोठी साखळी आणि सपोर्ट डॉट कॉम ही कंपनी यांच्याकडून मिळून साडेतीन कोटी डॉलर घेतले. त्या प्रकरणातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. दुकानात ग्राहकाच्या संगणकाची तपासणी सुरू करताना चार साधे प्रश्न विचारले जात: जाहिराती उघडतात का, संगणक हळू झाला आहे का, अशा स्वरूपाचे. त्यांपैकी एका प्रश्नापुढे जरी खूण केली, तरी तपासणीत पुढे काहीही निघो वा न निघो, अखेरीस व्हायरसची लक्षणे सापडल्याचे पडद्यावर येत असे. म्हणजे निकाल तपासणीच्या आधीच लागलेला होता. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रिइमेज या कंपन्यांनी अशाच स्वरूपाच्या तक्रारींवरून २ कोटी ६० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. त्यांच्या जाहिराती मायक्रोसॉफ्टच्या सूचनांसारख्या दिसत, आणि निरोगी संगणकावरही शेकडो समस्या दाखवल्या जात.

हे मी स्वतःही करून पाहिले आहे. एका रिकाम्या हार्ड डिस्कवर विंडोज नव्याने टाकले, दुसरे काहीही बसवले नाही, आणि एक लोकप्रिय क्लीनर चालवला. त्याने साडेचारशेच्या आसपास 'समस्या' काढल्या. त्यांत ब्राउझरच्या कुकीजची एकेक मोजदाद होती, रिकाम्या लॉग फाइली होत्या, आणि विंडोजने स्वतःच बसवलेल्या नोंदी होत्या. तासाभरापूर्वी जन्मलेल्या बाळाला साडेचारशे आजार सांगणाऱ्या वैद्याकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण घाईघाईने फी भरतो. २०१८ च्या मार्चपासून मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने, म्हणजे विंडोजमध्येच असलेल्या अँटिव्हायरसने, असे भीती घालून पैसे मागणारे प्रोग्राम नकोसे मानून काढायला सुरुवात केली, हे म्हणूनच योग्य झाले. तरीही रोज नव्या नावांनी ते येतच असतात.

प्रामाणिक कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले तर धोका टळतो का? पूर्णपणे नाही. सीक्लीनर हे या प्रकारातले बहुधा सर्वांत जास्त वापरले गेलेले नाव, आणि अनेक वर्षे जाणकारही ते सुचवत असत. ऑगस्ट २०१७ मध्ये हल्लेखोरांनी कंपनीच्याच यंत्रणेत शिरून त्याच्या ५.३३ या आवृत्तीत घातक कोड मिसळला. ती आवृत्ती कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळावरून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीसह, जवळपास महिनाभर लोकांना मिळत होती आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. हल्लेखोरांचे खरे लक्ष्य काही मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या होत्या, त्यामुळे सामान्य वापरकर्ते बव्हंशी बचावले. यातला मुद्दा असा, की क्लीनरला काम करण्यासाठी संगणकाच्या प्रत्येक कोपऱ्यात शिरण्याचा अधिकार द्यावा लागतो. घराची सगळी कुलपे उघडणारी किल्ली ज्याच्याकडे असते, त्याच्या खिशातून ती चोरीला गेली तर नुकसान आपले होते, मग तो माणूस कितीही भला असो. एवढी किल्ली द्यायची तर तिचा मोबदलाही तेवढाच मोठा हवा, आणि तो इथे मिळत नाही.

ड्रायव्हर अपडेटर मात्र मला सगळ्यांत घातक वाटतात, विशेषतः सेवा केंद्रे, टॅलीवर हिशेब लिहिणारी दुकाने आणि डिजिटल सहीचे टोकन वापरणारे ठेकेदार यांच्यासाठी. ठशांचे यंत्र, टोकन, जुना प्रिंटर, पावती छापणारे छोटे यंत्र ही सगळी ठरावीक ड्रायव्हरवर चालतात. अपडेटरला 'नवा' ड्रायव्हर सापडला म्हणजे तो तुमच्या यंत्राचाच असेल असे नाही. नाव जुळणारा, पण दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर बसला की चालते यंत्र बंद पडते. ड्रायव्हर हवाच असेल तर तो विंडोज अपडेटमधून किंवा यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक पाहून घ्यावा. आणि यंत्र व्यवस्थित चालत असेल तर घेऊच नये.

आता दुखणे शोधण्याकडे वळू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'परफॉर्मन्स' या भागात जे आलेख दिसतात, त्यांतले सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क हे तीन आपल्या कामाचे. संगणक हळू वाटत असताना, नेमक्या त्या क्षणी, या तिघांपैकी कोणाचा आलेख छताला टेकला आहे एवढेच पाहायचे. ताईंच्या संगणकावर सीपीयू १५ टक्क्यांवर होता, चार जीबी रॅममधली बहुतेक भरलेली होती, आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकली होती. पण खाली वाचनाचा वेग मात्र सेकंदाला दोन एमबीदेखील नव्हता. हे चित्र ओळखायला शिका, कारण आपल्याकडच्या पाच-सात वर्षांपूर्वीच्या बहुसंख्य संगणकांवर हेच दिसते. जुनी फिरती हार्ड डिस्क एकसलग मोठी फाइल सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या वेगाने वाचते, पण विंडोजला एका वेळी हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून लागतात, आणि प्रत्येक तुकड्यासाठी आत एक सुई तबकडीवर प्रत्यक्ष हलावी लागते. सेकंदाला अशा जेमतेम शंभरएक उड्या ती मारू शकते. या सुईला कोणतेही सॉफ्टवेअर वेगाने हलवू शकत नाही. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली की हलणारा भागच उरत नाही.

त्यामुळे 'डिस्क १०० टक्के' दिसले तर उपाय एसएसडी हा आहे, 'मेमरी' कायम ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवणे हा आहे, आणि सीपीयू भरलेला असेल तर 'प्रोसेसेस' या भागात जाऊन तो कोण खातो आहे हे पाहणे हा आहे. पुष्कळदा तो विंडोज अपडेट असतो किंवा अँटिव्हायरसची तपासणी, आणि तासाभराने आपोआप शांत होतो. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसवलेले असतील तर मात्र तो शांत होत नाही. एक काढून टाका. तिन्ही आलेख खाली असूनही दाखल्याचे संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष संगणकाचा नाही. प्रवेशाच्या दिवसांत तो सरकारी सर्व्हरचा असतो, नाहीतर वाऱ्या-पावसाने लोंबकळणाऱ्या केबलचा, आणि अशा वेळी संगणक 'साफ' करणे हा केवळ मनाचा विरंगुळा आहे.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक कारण असते, जे पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या सल्ल्यांत सहसा नसते. समुद्राकडून येणारी खारी, दमट हवा आणि धूळ यांचा पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या जाळीवर एक चिकट थर बसतो. हवा जाईनाशी झाली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी आपला वेग खाली आणतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग २.४ गिगाहर्ट्झ असायला हवा तिथे काम चालू असतानाही तो एकच्या आत दिसत असेल, तर आधी पंख्याचा आवाज ऐका आणि बाजूच्या झरोक्यावर हात ठेवा. मी उघडलेल्या कॅबिनेटमध्ये कोळिष्टके, मुंग्यांची वारुळे आणि पालीची अंडी हे सगळे सापडलेले आहे. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर गंज धरला तर संगणक नुसत्या शिट्ट्या वाजवतो आणि सुरूच होत नाही. वीज पूर्ण काढून, पट्टी बाहेर घेऊन ती टोके शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली की बहुधा काम होते. हा उपाय किनाऱ्यावरच्या प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक आहे. वर्षातून एकदा, पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात, कॅबिनेट उघडून ब्लोअरने साफ करून घेणे ही मला माहीत असलेली खरी 'क्लीनिंग' होय. वीज येण्याजाण्याचा खेळ चालतो तिथे चांगला यूपीएसही हवा, कारण लिहिता-लिहिता वीज गेली की फाइली अर्धवट राहतात आणि त्यातून पुढे जे बिघडते त्याचा आळ उगाच व्हायरसवर येतो.

यंत्राचे दुखणे नसेल तर विंडोजच्या घरच्याच साधनांकडे वळावे. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' हा भाग आहे. संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्राम त्यात दिसतात, आणि समोर त्यांचा भार किती हेही लिहिलेले असते. व्हिडिओ मीटिंगचे सॉफ्टवेअर, गाण्यांचे सॉफ्टवेअर, गेमचे लाँचर यांना सकाळी उठल्याबरोबर जागे होण्याचे काही कारण नसते; ते 'डिसेबल' करावेत. यात काहीच पुसले जात नाही, आणि नंतर वाटले तर परत चालू करता येते. ज्यांना अधिक खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटरनल्स संचातले ऑटोरन्स आहे. त्यात नोंद काढून न टाकता तिच्यापुढची खूण तेवढी उठवता येते. पण ठशांच्या यंत्राची, टोकनची किंवा अँटिव्हायरसची नोंद दिसली तर हात लावू नये, आणि जे कळत नाही ते तसेच सोडावे.

जागेसाठी सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज सेन्स' आहे. ते तात्पुरत्या फाइली आणि कचराटोपली ठरावीक काळाने रिकामी करते. इथे क्लीनरना न्याय द्यायला हवा: सी ड्राइव्ह खरोखर काठोकाठ भरलेला असेल, तर जागा मोकळी केल्याने फरक पडतो, कारण विंडोजला अपडेट उतरवायला आणि स्वतःच्या कामाला मोकळी जागा लागते. परंतु तेवढ्यासाठी बाहेरचे सॉफ्टवेअर लागत नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. साफसफाईच्या यादीत 'डाउनलोड्स' असा एक पर्याय असतो, आणि त्याच्यापुढे खूण करून लोक वर्षानुवर्षांचे दाखले आणि पावत्या गमावून बसतात, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे कपाट म्हणजेच डाउनलोड्स फोल्डर. जागा नेमकी कशाने खाल्ली हे पाहायचे असेल तर विनडिरस्टॅट (WinDirStat) हे मोफत सॉफ्टवेअर सगळी डिस्क रंगीत चौकोनांत मांडून दाखवते. बहुतेकदा सगळ्यांत मोठा चौकोन लग्नाच्या व्हिडिओचा निघतो.

डीफ्रॅग करणे, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग लावणे, हेही आता हाताने करायचे काम राहिलेले नाही. विंडोज ते आठवड्यातून एकदा स्वतः करते, आणि एसएसडी असेल तर डीफ्रॅगऐवजी 'ट्रिम' करते, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा आता वापरायला मोकळी आहे एवढेच डिस्कला कळवते. एसएसडीवर जबरदस्तीने जुन्या पद्धतीचे डीफ्रॅग चालवणारे 'टर्बो' सॉफ्टवेअर फक्त तिची झीज वाढवते. विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्याची शंका असेल तर प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएफसी स्कॅननाऊ' (sfc /scannow) ही आज्ञा द्यावी. ती प्रत्येक फाइल मूळ प्रतीशी ताडून पाहते आणि बिघडलेली बदलते. डिस्कच मरणपंथाला लागली आहे का, हे क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन सांगते. त्यात पिवळा किंवा लाल रंग दिसला तर बाकी सगळे सोडून आधी कागदपत्रांची दुसरी प्रत काढावी.

वारंवार उजव्या कोपऱ्यातून 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले' असे फलक येत असतील, तर तो बहुधा व्हायरस नसतोच. कधीतरी एखाद्या संकेतस्थळाने 'सूचना पाठवू का?' असे विचारले होते आणि आपण घाईत 'अलाउ' दाबले होते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून तिथली अनोळखी नावे काढून टाकली की फलक बंद होतात. माझ्याकडे 'व्हायरस आला' म्हणून येणाऱ्या संगणकांतले कितीतरी एवढ्यावरच बरे होऊन जातात. खरोखर संसर्गाची शंका असेल तर डिफेंडरची पूर्ण तपासणी करावी. शिवाय केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर घातक प्रोग्राम काढणारी साधने मोफत मिळतात.

मोबाइलची कथा निराळी नाही. अँड्रॉइड रॅम स्वतः सांभाळते, आणि 'बूस्ट' दाबून बंद केलेले ॲप पुन्हा उघडायला जास्त बॅटरी लागते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत क्लीन मास्टर आणि डीयू क्लीनर ही अशीच 'सफाई' करणारी ॲपे होती. त्यांची जागा भरायला तशीच दुसरी आली. फोनच्या सेटिंग्जमधला 'स्टोरेज' हा भाग उघडावा, तेवढे पुरते.

ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. असे बरेच प्रोग्राम वर्ष संपले की खात्यातून आपोआप पुन्हा पैसे कापतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार अशा कापणीची सूचना किमान २४ तास आधी मिळायला हवी, आणि बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन ती परवानगी रद्द करता येते. पडद्यावर दिलेल्या क्रमांकावर फोन करून कोणाला संगणकाचा ताबा दिला असेल आणि त्यानंतर पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. प्रोग्राम काढताना तो सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून काढावा, आणि 'जाण्यापूर्वी सवलत घ्या' अशा त्याच्या आर्जवांकडे दुर्लक्ष करावे.

ताईंच्या संगणकात त्याच आठवड्यात २५६ जीबीची एसएसडी आणि चार जीबीची आणखी एक रॅम बसवली. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळ लावून मोजायला मी त्यांना आधीच सांगितले होते, कारण कोणताही उपाय लागू पडला की नाही हे त्याशिवाय कळत नाही. टेबलामागच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली, त्यांच्या अक्षरात दोन नोंदी आहेत: '४ मिनिटे १० सेकंद', आणि आठ दिवसांनंतरच्या चौकोनात '२८ सेकंद'.